मास्टरांचं पायडल

जुनं शिलाई मशीन घ्यायचं असलं की लोक सॅकवालीकडे येतात. तिचं खरं नाव गल्लीत फारसं कुणाला ठाऊक नाही. डोंगर चढणाऱ्यांच्या सॅक ती शिवते, तंबू शिवते, रानात झोपायच्या पिशव्यांच्या चेन बदलून देते, म्हणून ती सॅकवाली. आलेल्याला ती बसवून सगळं सांगते. रंगाला भुलू नका. हातचाक सावकाश फिरवा आणि कान देऊन ऐका. सुईखालचे दाते बोटानं चाचपून बघा, झिजून गुळगुळीत झाले असतील तर कापड पुढे सरकायचं नाही. त्याला लागणारी सुई अजून बाजारात मिळते का, ते आधी विचारा. आणि शिवून बघायचं कापड आपलं आपण घेऊन जा. विकणारा जी चिंधी पुढे करतो तिच्यावर काहीही शिवून निघतं.

मग समोरचा हमखास म्हणतो, "एवढं सांगताय, तर बरोबरच चला ना. अमक्याच्या घरी एक मशीन आहे, म्हणतात."

"दुकानात असेल तर येते," ती म्हणते. "कुणाच्या घरी बघायला येत नाही मी."

का, ते ती सांगत नाही. ते असं झालं होतं.

सॅकवालीचा हात बसला तो शाळेच्या दप्तरांच्या कारखान्यात. पट्टे लावायच्या रांगेत तिची जागा होती. पट्ट्याच्या टोकाला टाक्यांचा चौकोन मारायचा, त्यात फुली मारायची, दप्तर पुढे ढकलायचं. दप्तरं फाटायची ती कुठेही, पण तिच्या पट्ट्याशी कधी नाही, असं ती अभिमानानं सांगायची. पुढे कारखाना बंद पडला. मशीनं ट्रकमधून गेली, बायका आपापल्या घरी गेल्या, आणि सॅकवाली घरातल्या हलक्याफुलक्या मशीनवर शेजाऱ्यांच्या पँटी आखूड करत बसली.

एकदा एक दाढीवाला गिर्यारोहक खांद्यापासून तुटलेली सॅक घेऊन तिच्या दारात आला. मोठमोठ्या दुकानांनी त्याला वाटेला लावलं होतं. हिनं जुना पट्टा उसवला, आत जाड कापडाचा तुकडा घातला, चौकोन मारला, फुली मारली. दाढीवाला ती सॅक घेऊन कुठल्या कुठे बर्फात जाऊन आला आणि येताना चार मित्रांच्या सॅक घेऊन आला. बघता बघता तिच्या खोलीत दोऱ्या, बक्कलं, चेना आणि सुळसुळीत कापडाचे गठ्ठे साचले. दुरुस्तीवरून काम नव्या सॅकवर आलं, सॅकवरून तंबूवर.

आणि मग घरच्या मशीननं मान टाकली. एका जाड पट्ट्यावर सुई अडली, आतून कटकन आवाज आला आणि हातचाक नुसतं गरागरा फिरायला लागलं. उघडून बघते तर आतलं प्लॅस्टिकचं चाक. त्याचे दात पडलेले.

तिचा नवरा लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर होता. आपलं सगळं आयुष्य वर-खाली करण्यात गेलं, हा त्याचा ठरलेला विनोद. त्यानं ते चाक उजेडात धरून बघितलं.

"दुधाचे दात होते हे," तो म्हणाला. "तू त्याला ऊस खायला लावलास."

"मग आता?"

"आता लोखंडाचं बघ. जुनं. आतून-बाहेरून लोखंड. जड असू दे, आपल्याला काय ते डोक्यावर घेऊन फिरायचंय?"

मग दोघं सुट्टीच्या दिवशी मशीनं बघत हिंडू लागली. सॅकवालीच्या पिशवीत दोन चिंध्या कायम असायच्या. एक तंबूच्या कापडाची, कांद्याच्या सालीसारखी पातळ. दुसरी सॅकच्या पट्ट्याची, घड्या घालून जाड केलेली. तंबू आणि सॅक दोन्ही शिवायचं म्हणजे मशीन दोन्हीला पुरं पडायला हवं. बहुतेक ठिकाणी तिथंच घोडं अडायचं. जे पट्टा भोसकायचं ते पातळ कापड चुरगळून टाकायचं. जे पातळ कापड नीट शिवायचं ते पट्टा बघूनच हातपाय गाळायचं. एका दुकानात मशीन इतकं चकाचक रंगवलेलं होतं की नवरा म्हणाला, "हे लग्नाला निघालंय, कामाला नाही." हातचाक फिरवलं तर आतून वाळू दळल्यासारखा आवाज. दुसरीकडे सोनेरी वेलबुट्टीचं एक देखणं मशीन होतं, हिला ते फार आवडलं, पण त्याची सुई कुठे मिळते ते विकणाऱ्यालाच माहीत नव्हतं. "शोपीस म्हणून घ्या," तो म्हणाला. सॅकवाली त्यावर इतकी तापली की नवऱ्यानं तिला हाताला धरून बाहेर आणलं.

तंबूंची कामं अंगावर येऊन पडली होती. लोक विचारायला लागले होते. रोज सकाळी ती बंद मशीनकडे बघायची आणि आलेल्याला पुढची तारीख द्यायची.

अशात नेहमीच्या दोरेवाल्यानं तिला मास्टरांचा पत्ता दिला.

मास्टर म्हणजे कोट शिवणारे जुने शिंपी. त्यांचं दुकान केव्हाच बंद झालं होतं, मशीन तेवढं घरी आणलेलं होतं. मुलगा बाहेरगावी नोकरीला, घरी मास्टर आणि सून. दार सुनेनंच उघडलं. बाई दिवसभर कुठेतरी हिशेबाचं काम करून आलेली दिसत होती, चेहऱ्यावर थकवा, पण बोलणं मऊ.

"या ताई. आत आहे मशीन. बाबा, त्या आल्या आहेत."

खोली लहान होती. खिडकीला लागून मशीन, आणि मशीनला लागून खुर्चीत मास्टर. अंगात इस्त्रीचा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं लावलेली. डोळ्यांवर जाड काचा, आणि त्या काचांतूनही ते माणसाच्या जरा बाजूला बघत. त्यांनी मान हलवली आणि खुर्ची मागे घेतली. उठले मात्र नाहीत.

सॅकवालीनं मशीन बघितलं आणि तिला पहिल्या नजरेतच कळलं. काळा रंग हात लागून लागून उडालेला होता, जिथे कापड धरतात तिथे लोखंड चांदीसारखं उजळलेलं. गंज नावाला नाही. तेलाचा ताजा वास येत होता. म्हणजे शिवायला काही नसलं तरी ह्या माणसानं सकाळीच मशीनला तेल घातलं होतं. हे तिच्या लक्षात आलं. लक्षात येऊनही तिनं ते बाजूला सारलं.

"दिसत नाही त्यांना आता," सून हळू आवाजात सांगत होती. "तरी बसतात. मध्ये बोट शिवून घेतलं. सुई नखातून आरपार. मी कामावर. संध्याकाळी येऊन बघते तर रुमाल गुंडाळून बसलेले, आणि मला म्हणतात, काही नाही झालं. माझं कामात लक्ष लागत नाही हो. आणि तिथे त्यांचाच पलंग लावायचाय. आतल्या खोलीतून रात्री उठताना धडपडतात."

"मला ऐकू येतं," मास्टर म्हणाले.



सॅकवालीनं पातळ चिंधी सुईखाली घातली. स्टूल ओढून पायडलवर पाय ठेवला. मशीन असं चाललं की तिला स्वतःच्या पायांचं नवल वाटलं. कापडावर एक सुरकुती नाही. टाके ओळीत, खालून-वरून सारखे. मग तिनं पट्ट्याची जाड घडी घातली. दोन टाके पडले, तिसऱ्याला दोरा विस्कटला आणि तुटला. तिचं मन खट्टू झालं. हेही गेलं, असं वाटलं.

"सुई बदला," खुर्चीतून आवाज आला. "ती शर्टाची सुई आहे."

मास्टरांनी न बघता हात लांब केला, मशीनखालचा खण उघडला, आतल्या डबीत बोटं फिरवली आणि एक सुई काढून पुढे धरली. जाड, कोटाची.

"आणि वरचा स्क्रू आहे ना, दाबाचा? थोडा सैल. अजून. हं, बास. आता घाला."

तिनं घडी पुन्हा घातली. मशीनचा आवाजही बदलला नाही. पट्ट्याचे सगळे थर भेदून सुई खाली-वर होत राहिली, चौकोन पुरा झाला, फुली पुरी झाली. नवऱ्याच्या तोंडून "वा!" निघून गेलं.

मास्टर हसले. "कॉलर अशीच खायचं ते," ते म्हणाले. "आत कितीही घाला. काय शिवता तुम्ही?"

"तंबू. डोंगरावर नेतात त्या सॅक."

"डोंगरावर," मास्टर म्हणाले, आणि खिडकीकडे तोंड करून बसले.

पुढे नवऱ्याशी बोलताना सॅकवाली शंभरदा म्हणाली असेल, की त्यांनीच तर सुई दिली, मनातून द्यायचं नसतं तर सुई कशाला दिली असती? आणि दर वेळी हे म्हणताना तिला स्वतःलाच ते पटत नसे. मशीन परीक्षेत नापास होतंय हे त्या माणसाला सहन झालं नाही, एवढंच होतं ते. तिलाही सहन झालं नसतं.

सुनेशी व्यवहार ठरला. मग मास्टरांनी विचारलं, "नेणार कधी?"

"आजच," सॅकवाली म्हणाली. "खाली टेम्पो सांगितलाय."

खरं तर टेम्पो सांगितलेला नव्हता. पण उद्या कुणी दुसरा आला तर, सुनेचं मन फिरलं तर, ही धास्ती होती.

"आज?" मास्टर म्हणाले. त्यांचा हात हातचाकावर होता. "उद्या न्या. सकाळी तेल घालून, पुसून देतो."

"तेल मी घालीन, मास्टर. तुम्ही कशाला त्रास घेता?"

किती साधं वाक्य. आवाजही गोड. पण ते ऐकून मास्टरांनी चाकावरचा हात काढला आणि मांडीवर ठेवला. नंतर टेम्पो आला, नवऱ्यानं आणि टेम्पोवाल्यानं मशीन उचललं, स्टँड जिन्याच्या कठड्याला आपटला, सून "सांभाळून, सांभाळून" करत खाली आली. मास्टर जागचे हलले नाहीत. सॅकवाली शेवटी पिशवी घ्यायला वर गेली, तेव्हा ते खुर्चीत बसून होते आणि त्यांच्यासमोर फरशीवर चार डाग होते, स्टँडच्या पायांचे. ती "येते हं" म्हणाली. ते "या" म्हणाले.

वाटेत नवरा म्हणाला, "एक दिवस थांबलो असतो तर काय बिघडलं असतं?"

"हे मला तिथेच सांगायचं होतंत," ती फणकारली.

"तिथे मी मजूर होतो," तो म्हणाला.

मशीन आलं आणि कामाला नुसतं उधाण आलं. पण पायडलवर तंबूच्या लांबच लांब शिवणी मारताना तिच्या गुडघ्यांची वाट लागली. शिवाय तंबूचं कापड पसरायला मोठं टेबल हवं, आणि त्या स्टँडवर एवढीशी फळी. तिनं मिस्त्रीला बोलावलं. त्यानं मशीन स्टँडवरून काढून मोठ्या टेबलावर बसवलं, मागे मोटार लावली, खाली तळहाताएवढं पायबटण दिलं. अर्ध्या दिवसाचं काम. जाताना त्यानं कोपऱ्यातल्या स्टँडला चपलेनं ढोसलं.

"ह्याचं काय करायचं? ठेवताय?"

"कुठे ठेवू? पायात येतोय. घेऊन जा."

मिस्त्री घेऊन गेला. तिनं मान वर करूनसुद्धा बघितलं नाही. हातात तंबू होता.

नंतर तिचं बरं चाललं. तिच्या तंबूचं नाव झालं. लोक लांबून येऊ लागले. फक्त दोरेवाल्याचं दुकान मास्टरांच्या रस्त्यावर होतं, तर ती तिकडे जाताना मागच्या गल्लीनं वळसा घालून जायची. का, म्हणून नवऱ्यानं एकदा विचारलं. सावली असते त्या बाजूला, असं ती म्हणाली.

पुष्कळ दिवसांनी, एका सकाळी, दारात सून उभी राहिली. तिच्या दंडाला धरून मास्टर. शर्टाची बटणं गळ्यापर्यंत.

"ताई, गडबडीत नाही ना? बाबा कधीचे म्हणतायत, एकदा बघून येऊ. म्हटलं आज सुट्टी आहे मला."

"या ना, या ना मास्टर!" सॅकवालीनं खुर्चीवरचं कापड उचललं, चहाचं विचारलं, उगाच इकडचं तिकडे केलं. मास्टर दारातच थांबून ऐकत होते. मग त्यांनी हातातली कापडी पिशवी पुढे केली. तिचा बंद तुटला होता.

"हिची पिशवी," ते सुनेकडे मान करून म्हणाले. "एवढं मारून घेऊ का? माझं मी मारतो."

"अहो, मशीन तुमचंच आहे, बसा."

ते बसले. पाठ ताठ झाली. उजवा हात सरळ हातचाकावर गेला, डाव्यानं पिशवीचा बंद सुईखाली धरला. आणि पाय टेबलाखाली गेले. सॅकवाली बघत होती. चपला काढलेले दोन पाय पुढे सरकले, थांबले, डावीकडे गेले, उजवीकडे गेले. फरशी चाचपत राहिले. मास्टरांच्या कपाळाला आठी पडली.

"पायडल?"

"मोटार बसवली, मास्टर," ती म्हणाली. "गुडघे दुखायचे. खाली बटण आहे, उजव्या पायाशी. हळू दाबा."

त्यांनी दाबलं. मशीन घर्रकन धावलं, पिशवी हातातून ओढली गेली, आणि मास्टरांनी चटका बसल्यासारखे दोन्ही हात मागे घेतले. सून पुढे धावली. "लागलं का बाबा?"

"नाही. नाही लागलं." ते म्हणाले, "पायडलची सवय आहे. स्टँड कुठंय?"

आणि सॅकवालीच्या तोंडून निघून गेलं, "आत आहे. ठेवलाय नीट."

मास्टरांचा चेहरा खुलला. इतका, की सुनेनंही चमकून बघितलं. "आहे ना? मग एकदा लावा. तुमची सवड बघून. मी येईन. एकच शिवण मारायची आहे."

"लावते की," सॅकवाली म्हणाली.

ती दोघं गेल्यावर ती मिस्त्रीकडे अक्षरशः पळत गेली. मिस्त्रीला आधी आठवेचना. मग आठवलं. भंगारात दिला होता. ती भंगारवाल्याकडे गेली. तो भला माणूस, त्यानं तिला सगळं आवार हिंडून दाखवलं. पण बिडाचा माल तो घणानं फोडूनच ठेवायचा, अख्खा गाडीत मावत नाही म्हणून. एका ढिगात तिला वेलबुट्टीचा एक तुकडा दिसला. मास्टरांच्या स्टँडचा असेलही, नसेलही. कधी नीट बघितलाच नव्हता तिनं तो स्टँड, तर ओळखणार कसा?

नवऱ्यानं सगळं ऐकून घेतलं. "खोटं कशाला बोललीस?"

"तोंडातून गेलं."

"मग आता जाऊन खरं सांग."

"तुम्ही त्यांचा चेहरा बघितला नाहीत," ती म्हणाली आणि रडायला लागली. तिच्या हातातली कात्री काढून त्यानं टेबलावर ठेवली.

शेवटी स्टँड त्यानंच शोधला. एका लिफ्टच्या कामावर गेला असताना तळमजल्याच्या केशकर्तनालयात त्याला आरशाखाली टेबल दिसलं, खाली बिडाचे पाय, पायडल, चाक, सगळं शाबूत. न्हाव्याला गिऱ्हाइकांच्या अंगावर घालायला पाणी न शिरणारे नवे झगे हवे होते. सॅकवालीनं तंबूच्या कापडाचे छान शिवून दिले. त्या बदल्यात स्टँड घरी आला. तिनं तो घासला, काळा रंग दिला, नवा चामडी पट्टा चढवला. मोटार काढली. मशीन खाली उतरवून पुन्हा पायडलवर बसवलं. सगळ्या कामांना थांबायला सांगितलं आणि मास्टरांना आणायला स्वतः गेली.

मास्टर आले, सुनेचा हात धरून. बसले. पाय पुढे गेले आणि ह्या वेळी पायडलवर पडले. ते क्षणभर थांबले. फार नाही, क्षणभरच. मग हात चाकावर आला, चाकाला झटका बसला, आणि खोलीत तो आवाज सुरू झाला, लयीत, मोटारीसारखा धावता नाही. सुनेच्या पिशवीचा बंद त्यांनी लावला. मग म्हणाले, "अजून काही आहे?" तिनं तंबूची लांब शिवण हातात दिली. डोळ्यांनी ते बघतच नव्हते. कापडाची कड डाव्या हाताच्या दोन बोटांत धरून, बोटांनी वाट दाखवत, त्यांनी ती शिवण या टोकापासून त्या टोकापर्यंत मारली. टाका सरळ. शेवटी दोरा तोडला, कापडावर हात फिरवला, आणि पाय तसेच पायडलवर ठेवून बसून राहिले. सून दारात उभी राहून दुसरीकडे बघत होती.

उठून, चपला घालून, दाराशी गेल्यावर मास्टर म्हणाले, "स्टँड चांगला आहे. कुणाचा?"

सॅकवालीला जमिनीनं गिळावं असं झालं.

"सलूनमधून आणला," ती म्हणाली. "तुमचा मी देऊन टाकला, मास्टर. ज्या दिवशी मोटार बसवली त्याच दिवशी. भंगारात गेला. मी शोधला, खरंच शोधला. मिळाला नाही."

"मिळायचा नाही," ते म्हणाले. "बीड होतं. फोडलं असेल." त्यांनी चौकटीला हात धरला. "त्याचं पायडल डावीकडे जरा खाली होतं. माझा हा पाय अधू आहे थोडा, म्हणून घासून घेतलं होतं. तेव्हाच सांगायचं होतंत. मी काय रागावलो असतो?" आणि मग म्हणाले, "रागावलो असतो."

"रोज या, मास्टर. सकाळी मी कामच नाही ठेवणार. तुम्ही बसा."

"बघू," ते म्हणाले.

ते पुन्हा आले नाहीत. सॅकवाली दोनदा त्यांच्या घरी गेली. खिडकीशी आता पलंग होता, मास्टर त्याच्यावर भिंतीला टेकून बसलेले असत. ते बोलायचे छान. तिच्या तंबूंची चौकशी करायचे, कापड कुठलं, दोरा कुठला, शिवणीतून पाणी शिरू नये म्हणून काय करता. येता का म्हटलं की म्हणायचे, आता जिने झेपत नाहीत. तिनं मशीन परत आणून द्यायची गोष्ट काढली, तर त्यांनी हातानंच नको म्हटलं. आणि खरंच, त्या खोलीत ते ठेवणार तरी कुठे होते?

पायडल तिनं काढलं नाही. कित्येक महिने ती त्याच्यावरच शिवत राहिली, तंबूसुद्धा. गुडघे सुजायचे. नवरा तेल चोळून द्यायचा आणि म्हणायचा, "तुझ्या गुडघ्यांनी त्या माणसाचं काय भलं होणार आहे, सांग मला." तिला ते काढवत नव्हतं, एवढंच.

मास्टर गेल्याचं तिला उशिरा कळलं. सून एकदा रस्त्यात भेटली, हातात भाजीची पिशवी, तीच ती, बंद लावलेली. दोघी बाजूला उभ्या राहिल्या. झोपेतच गेले, त्रास झाला नाही, असं सून सांगत होती. जे सगळेच सांगतात ते. मग मध्येच थांबून ती म्हणाली,

"ताई, तो पलंग दुसऱ्या भिंतीला लागला असता हो. परवा फरशी पुसताना बघितलं. कपाट थोडं सरकवलं की झालं. मी तेव्हा मापच घेतलं नाही. मशीन जायला हवं, एवढंच डोक्यात होतं. बोटाची भीती बसली होती ना."

सॅकवालीला म्हणायचं होतं, तुमचा काही दोष नाही. तिनं तोंड उघडलंही. पण ते खोटं वाटलं असतं, आणि ह्या माणसांशी खोटं आधीच बोलून झालं होतं.

"मी एक दिवस थांबायला हवं होतं," ती म्हणाली. "टेम्पो सांगितलेला नव्हता. घाई माझी होती."

सुनेनं मान हलवली. धीर दिला नाही, दोषही दिला नाही. मागून गाडीनं हॉर्न दिला तेव्हा दोघी आणखी कडेला झाल्या.

"येते मी," सून म्हणाली.

सॅकवाली घरी आली. दाढीवाल्याचा नवा तंबू अर्धा शिवून टेबलावर पडला होता, दाढीवाला दुसऱ्या दिवशी निघणार होता आणि एक लांब बाजू अजून बाकी होती. तिनं हात धुतले, बॉबिन भरली आणि पायडलवर पाय ठेवून कामाला बसली.